पुराचे पाणी आणि आपले कागद

वाचनालयातील पुस्तके पुरापासून कशी वाचवावीत, हा विषय ग्रंथालयशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात शोभेल. साहित्य आणि सामाजिक विचार यांना वाहिलेल्या त्रैमासिकात त्याचे काय काम, असे कोणी विचारील. मलाही पूर्वी तसेच वाटत असे. मी पेशाने शाळामास्तर. उल्हासनगरात वालधुनीच्या काठी आमची वस्ती आहे, तिथल्या बुद्धविहाराला लागून असलेल्या एका खोलीत आम्ही वाचनालय चालवीत होतो. पुस्तक मिळवणे, ते वाचले जाईल असे पाहणे आणि वाचणाऱ्या पोराला पुढच्या पुस्तकाकडे नेणे एवढेच आपले काम, अशी माझी समजूत होती. २६ जुलै २००५ रोजी ती समजूत पाण्यात गेली.

त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. मुंबईची बातमी जगभर गेली. पण उल्हास नदीच्या खोऱ्यात बदलापूरपासून कल्याणपर्यंत जे झाले, ते बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात आले. आमच्या खोलीत पाणी छातीपर्यंत चढले आणि दुसऱ्या दिवशी ओसरले. माणसे वाचली, म्हणून आम्ही सुटकेचा श्वास टाकला. पुस्तकांकडे पाहायला तिसरा दिवस उजाडला. त्या दोन दिवसांच्या उशिराने आणि त्यानंतर आम्ही अडाणीपणाने जे केले त्याने पुराइतकेच नुकसान केले. हा लेख त्या चुकांविषयी आहे, आणि त्या टाळण्यासाठी काय करता येते याविषयी आहे.

नदीकाठ कोणाच्या वाट्याला येतो?

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पूर सर्वांना सारखा येत नाही. उल्हासनगर हे दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागेवर वसले. फाळणीनंतर सिंधी निर्वासित तिथे आले आणि १९४९ साली त्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले. अंबरनाथला दारूगोळ्याचा कारखाना, आगपेट्यांचा कारखाना, पुढे औद्योगिक वसाहत झाली. या कारखान्यांत मजुरी करायला मराठवाड्यातून, विदर्भातून, नगर-नाशकाकडून आपली माणसे आली. गावात त्यांना पांढरीत जागा नव्हती. शहरात आल्यावर जी जागा कोणालाच नको होती ती मिळाली. ती नाल्याच्या काठी होती, रुळांच्या कडेला होती, सखल भागात होती. वस्तीने वर्गणी काढून विहार बांधला, समाजमंदिर उभे केले आणि त्याच सखल जागेत वाचनालयाची खोली काढली. म्हणजे आपले ग्रंथालय पाण्यात जाते त्याचे कारण केवळ आभाळात नाही, ते जमिनीच्या वाटपातही आहे.

दुसरे असे की, प्रस्थापितांच्या ग्रंथालयात जे असते त्याची दुसरी प्रत कुठे ना कुठे असते. आपल्याकडे जे असते त्याची बहुधा नसते. जलशाची हस्तलिखित वही, १४ एप्रिलच्या मिरवणुकीचे हँडबिल, वस्तीतल्या मंडळाचे इतिवृत्त, संपाच्या वेळचे सायक्लोस्टाइल पत्रक, धर्मांतराच्या वेळी नावे नोंदवलेली वही, चार अंक निघून बंद पडलेले अनियतकालिक. हे सारे कागद कुठल्याही विद्यापीठाच्या सूचीत नाहीत. ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला. पुढे त्याचे अंक शोधायला निघालेल्यांच्या हाती फार थोडे लागले. बाबासाहेबांच्या पत्राची ही स्थिती, मग वस्तीतल्या शाहिराच्या वहीची काय कथा!

बाबासाहेबांच्या चरित्रातच या विषयाचे दोन धडे आहेत. १९१७ साली ते लंडनहून परतले तेव्हा त्यांचे सामान आणि पुस्तके दुसऱ्या बोटीने यायची होती. महायुद्ध चालू होते. ती बोट टॉर्पेडोने बुडाली. सामानाची भरपाई म्हणून त्यांना ६०० रुपये मिळाले. पैसे आले, पुस्तके आली नाहीत. पुढे त्यांनी दादरला ‘राजगृह’ बांधले ते ग्रंथांना जागा हवी म्हणून. दुसरा धडा त्यांच्या महापरिनिर्वाणानंतरचा. १९६७ साली दिल्लीच्या अलिपूर रोडवरील निवासस्थानातून त्यांचे कागद बाहेर काढून टाकण्यात आले आणि त्यांवर पाऊस पडला. जे वाचले ते अनेक वर्षे सरकारी ताब्यातल्या पेट्यांत होते. महाराष्ट्र शासनाची समिती १९७६ साली झाली आणि वसंत मून यांच्या संपादनाखाली पहिला खंड १४ एप्रिल १९७९ रोजी प्रसिद्ध झाला. आज आपण जे खंड वाचतो ते त्या पावसातून उरलेल्या कागदांतूनही आले आहेत. तेव्हा भिजलेला कागद हा आपल्या इतिहासातला गौण विषय नाही.

आम्ही काय चुकलो

आता २००५ कडे येतो. आमच्याकडे लाकडी मांडणीचे चार घोडे आणि एक लोखंडी कपाट होते. मौल्यवान म्हणून जे समजत होतो ते कपाटात, तेही खालच्या खणात, कारण जड वस्तू खाली ठेवायची ही घरची सवय.

पहिली चूक: कपाटातली पुस्तके पाणी पिऊन फुगली होती. कागद आपल्या वजनाच्या निम्म्याहून अधिक पाणी शोषू शकतो. फुगलेली पुस्तके एकमेकांत घट्ट बसली आणि आम्ही ती जोर लावून ओढली. पुठ्ठे हातात आले, पाने आत राहिली. खण सैल करून, आधी फळी काढून, मग चवडच्या चवड खालून हात घालून उचलायला हवी होती.

दुसरी चूक: बंद कपाट सुरक्षित आहे असे समजून त्याचा वरचा भाग आम्ही उघडलाच नाही. वरची पुस्तके भिजली नव्हती. पण खाली पाणी, दार बंद, आणि जुलैची दमट हवा. पाचव्या दिवशी दार उघडले तेव्हा कोरड्या पुस्तकांवरही करड्या-हिरव्या बुरशीचा थर होता. बुरशीला ओलावा आणि ऊब मिळाली की दोन-तीन दिवस पुरतात.

तिसरी चूक: पानांत वर्तमानपत्रे घातली. कल्पना बरोबर होती, कागद पाणी शोषतो. पण छापील वर्तमानपत्राची शाई ओल्या पानावर उतरते. महात्मा फुल्यांच्या समग्र वाङ्मयाच्या पानावर आजही एका साबणाची जाहिरात उलट्या अक्षरांत वाचता येते.

चौथी चूक: ऊन पडल्याबरोबर सारी पुस्तके गच्चीवर नेऊन पसरली. कडक उन्हात कागद वरून झटकन वाळतो आणि आत ओला राहतो. पाने वाकडी होतात, डिंक सुटतो. गुळगुळीत आर्ट पेपरवरची चित्रांची पुस्तके तर विटेसारखी एकसंध झाली. अशा कागदावर चिकणमातीसारखा लेप असतो. तो ओला होऊन वाळला की पान पानाला चिकटते, मग ते कधीच सुटत नाही.

आणि पाचवी चूक, जी अजून माझ्या मनातून जात नाही. अंबरनाथच्या कारखान्यात आयुष्य काढलेले एक शाहीर होते. तरुणपणी ते आंबेडकरी जलशात गायचे. त्यांनी आपल्या पाच वह्या आमच्याकडे ठेवायला दिल्या होत्या. शाळेतल्या दुरेघी वह्या, निळ्या शाईने भरलेल्या. त्यातली पुष्कळ गाणी दुसऱ्या कोणी रचलेली, त्यांनी ऐकून उतरवून घेतलेली. रचणारे केव्हाच गेले होते. वह्या चिखलाने माखल्या होत्या. आमची पोरे उत्साही. त्यांनी नळाखाली धरून पुस्तके धुवायला घेतली होती, त्यांतच या वह्याही धुतल्या. छापील पुस्तकाची शाई तेलकट असते, ती पाण्याला दाद देत नाही. सायक्लोस्टाइलचीही तशीच. पण दौतीतल्या शाईचे पाणी होते. पोरांनी चार वह्या स्वच्छ धुऊन, नीट ओळीने दोरीवर वाळत घातल्या. मी आलो तेव्हा त्यांतून निळे पाणी ठिबकत होते.

पाचवी वही वाचली. शाहिरांच्या पत्नीने ती देताना दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून, वर दोरा बांधून दिली होती. पिशवी काढून टाकायची राहून गेली होती, एवढ्यामुळेच ती वाचली.

मी चार वह्या घेऊन त्यांच्या घरी गेलो. शाहीर तेव्हा हयात नव्हते. माईंनी वही उघडली, दोन-चार पाने उलटली आणि म्हणाल्या, “गुरुजी, कागद हाय, पर अक्षर न्हाई.” मला दोष दिला नाही. चहा केला. पंचनाम्यासाठी जे कर्मचारी वस्तीत आले होते त्यांच्या कागदावर भांडी, धान्य, अंथरूण यांची नोंद होत होती. मी वाचनालयाचे सांगितले तेव्हा पुस्तकांना रकाना नाही असे उत्तर मिळाले. त्या वेळी राग आला. नंतर विचार केला की, या चार वह्यांचा रकाना आम्ही तरी कुठे ठेवला होता? आमच्या दाखल नोंदवहीत त्या नव्हत्याच. विकत घेतलेल्या पुस्तकांना नंबर होता, वह्यांना नव्हता.

ओल्या पुस्तकाचे काय करावे

यानंतर मी या विषयावर जे मिळेल ते वाचू लागलो, जाणकारांना भेटू लागलो. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात आर्नो नदीला पूर आला आणि तेथील राष्ट्रीय ग्रंथालयातील सुमारे दहा लाख ग्रंथ व कागदपत्रे चिखलात गेली. देशोदेशीचे विद्यार्थी तिथे जमले, हातोहात साखळी करून ग्रंथ वर काढले, तंबाखू सुकवण्याच्या भट्ट्यांतसुद्धा ते वाळवले. ग्रंथ-जतनाचे आजचे शास्त्र बरेचसे त्या चिखलातून वर आले. फेब्रुवारी १९८८ मध्ये लेनिनग्राडच्या विज्ञान अकादमीच्या ग्रंथालयाला आग लागली. सुमारे चार लाख ग्रंथ जळाले आणि त्याच्या कितीतरी पट आग विझवण्याच्या पाण्याने भिजले. तिथे सामान्य नागरिकांनी ओली पुस्तके घरी नेली, वाळवली आणि परत आणून दिली. हे मी मुद्दाम सांगतो, कारण हे काम यंत्रांवाचून होत नाही असा आपला समज असतो. पहिल्या दोन दिवसांतले काम माणसांचे आहे आणि माणसे आपल्याकडे आहेत.

कामाचा क्रम असा. आधी वीज बंद आहे याची खात्री करा. वालधुनीचे पाणी म्हणजे सांडपाणी आणि कारखान्यांची रसायने. २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली होती. तेव्हा रबरी हातमोजे, गमबूट, तोंडाला फडके हवेच. पायाला जखम असलेल्याने आत उतरू नये. पुस्तकापेक्षा कार्यकर्ता मोठा.

मग तीन ढीग करा: चिंब भिजलेली, नुसती दमट झालेली आणि कोरडी. कोरडी ताबडतोब दुसऱ्या इमारतीत हलवा. दमट हवेत त्यांना तिथे ठेवणे म्हणजे तीही घालवणे होय. दमट पुस्तके उभी करा, पाने पंख्यासारखी थोडी उघडा आणि सावलीत वारा खेळू द्या. पंखा भिंतीकडे तोंड करून लावा, पुस्तकावर थेट नको. आपल्या कोकणपट्टीत जुलैची हवाच ओली असते, त्यामुळे नुसता वारा पुरत नाही. वातानुकूलन यंत्र हवा थंड करते तशी कोरडीही करते; वस्तीजवळच्या एखाद्या संगणक-वर्गाची खोली चार दिवस मागून घेतली तर मोठे काम होते.

चिंब पुस्तकात दर वीस-पंचवीस पानांनंतर कोरा कागद घाला. छापखान्यात न्यूजप्रिंटच्या रिळाची उरलेली टोके मिळतात, ती उत्तम. कागद फार घालू नका, पुस्तकाची पाठ फाटते. तो ओला झाला की बदला. दिवसातून अनेकदा बदलावा लागतो. चिखल लागला असेल आणि पुस्तक छापील असेल, तर ते मिटलेल्या स्थितीत घट्ट धरून स्वच्छ पाण्यात बुडवा, चोळू नका. शाईने लिहिलेले काहीही धुऊ नका. ते चिखलासकट आडवे ठेवून, टीपकागदाने वरून हलके दाबून पाणी टिपा. चिखल वाळल्यावर मऊ कुंचल्याने निघतो, गेलेले अक्षर परत येत नाही. फोटो एकमेकांना चिकटले असतील तर ओढू नका. स्वच्छ थंड पाण्यात ठेवून आपोआप सुटू द्या आणि चेहऱ्याची बाजू वर करून वाळवा. इस्त्री, शेगडी, कडक ऊन यांतले काहीही नको. डांबराच्या गोळ्यांनी बुरशी थांबत नाही. बुरशी आलीच तर पुस्तक पूर्ण वाळल्यावर, तोंड बांधून, उघड्यावर कुंचल्याने झाडावी.

पुस्तके पाचशे आणि हात दहा असतील तर दोन दिवसांत हे उरकत नाही. अशा वेळी गोठवणे हा उपाय आहे. बर्फात बुरशी वाढत नाही, शाई पसरत नाही, आर्ट पेपरची पाने चिकटत नाहीत. गोठवल्याने पुस्तक वाळते असे नाही, वेळ मिळतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत चार-पाच पुस्तके सैलसर बांधून, पिशवीवर नंबर टाकून, उणे अठरा अंशांच्या आसपास चालणाऱ्या डीप फ्रीजरमध्ये ठेवावीत. पुढे सवडीने थोडी थोडी काढून वाळवता येतात. मोठ्या संस्था निर्वात यंत्रात बर्फाची थेट वाफ करून ती वाळवतात, पण ते यंत्र आपल्याकडे नाही म्हणून अडत नाही. डीप फ्रीजर प्रत्येक आइस्क्रीमच्या दुकानात असतो.

आधी काय उचलायचे?

सर्वांत कठीण प्रश्न हा आहे आणि तो पाणी येण्याआधीच सोडवला पाहिजे. आम्ही २००६ साली वस्तीची बैठक घेऊन तीन याद्या करायचे ठरवले. पहिल्या यादीत जे जगात दुसरीकडे कुठेही नाही ते: वह्या, इतिवृत्ते, पत्रके, फोटो, आणि दाखल नोंदवही. दुसऱ्या यादीत जे छापले गेले पण आता मिळत नाही ते: जुन्या अनियतकालिकांचे अंक, पहिल्या आवृत्त्या. तिसऱ्या यादीत जे पुन्हा विकत मिळते ते.

या बैठकीत मोठा वाद झाला. तिसऱ्या यादीत बाबासाहेबांचे खंड येत होते. एक ज्येष्ठ कार्यकर्ते उठून म्हणाले, “पाणी आल्यावर बाबासाहेबांना खाली ठेवून तुम्ही वह्या उचलणार? हे मला शिकवू नका.” त्यांच्या भावनेत खोटे काही नव्हते. २००५ साली आमच्या पोरांनी गळ्यापर्यंतच्या पाण्यातून जे वर काढले ते बाबासाहेबांचे खंड आणि विहारातली मूर्ती. मलाही त्यांचा अभिमान वाटला होता. पण शासनाने छापलेला खंड दुसऱ्या वर्षी आम्ही पुन्हा विकत आणला, आणि शाहिरांच्या चार वह्या कोणत्याही दुकानात मिळाल्या नाहीत. मी एवढेच म्हणालो की, बाबासाहेबांचा शब्द आता हजारो घरांत आहे, तो बुडणार नाही. त्यांचा शब्द ज्यांनी खेड्यापाड्यांत डफावर नेला त्यांचा आवाज या एका खणात आहे. बैठक बराच वेळ शांत होती. शेवटी त्या ज्येष्ठांनीच तोड काढली: मूर्ती आणि खंड बारमाही वरच्या मजल्यावरच राहावेत, म्हणजे पाणी आल्यावर निवड करण्याची वेळच येणार नाही. योजना म्हणतात ती हीच. संकटाच्या क्षणी माणूस भावनेने वागणार. म्हणून विचार आधी करून ठेवायचा.

बदलापूरची किल्ली

योजना कागदावर असून भागत नाही, हे २०१९ साली कळले. बदलापूर पश्चिमेला नदीकडच्या भागात आमच्या मित्रांचे एक छोटे वाचनालय होते. त्यांनी आमच्यासारख्याच याद्या केल्या होत्या. २६ जुलैच्या रात्रीपासून पाऊस कोसळत होता. बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि २७ तारखेला हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. लोकल बंद. वाचनालयाची किल्ली ज्याच्याकडे होती तो रात्रपाळीला ठाण्याला गेलेला, तिथेच अडकला. यादी आत, कुलूप बाहेर. दार फोडावे की नाही या चर्चेत तास गेला आणि पाणी चढले.

तरी यावेळी पुढचे चुकले नाही. पाणी ओसरताच मुले तीन ढीग करून बसली. पहिल्या यादीतले चिंब कागद पिशव्यांत बांधून टेम्पोने उल्हासनगरला आणले. एका सिंधी आइस्क्रीमवाल्याला मी विचारले. तो आधी हसला, “मास्टरजी, किताब फ्रीजर में?” मग कारण समजल्यावर म्हणाला, “मेरे दादा की किताबें सिंध में रह गईं।” आणि कुल्फीचे साचे बाजूला करून त्याने एक पूर्ण फ्रीजर मोकळा करून दिला. तीन महिने त्याने भाडे घेतले नाही. दिवाळीनंतर कोरड्या हवेत ते कागद आम्ही थोडे थोडे करून वाळवले. बहुतेक सर्व वाचले.

तीन शहरे, दोन नद्या

आपल्या या पट्ट्याचे भूगोलही समजून घेतले पाहिजे. उल्हास सह्याद्रीत खंडाळ्याकडे उगम पावते आणि कर्जत, नेरळ, वांगणीवरून बदलापूरला येते. घाटात पाऊस झाला की काही तासांनी पाणी इकडे चढते. बदलापूरला तिची इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोक्याची पातळी १७.५० मीटर धरतात. म्हणजे बदलापूरच्या कार्यकर्त्याला कर्जतचा पाऊस विचारून तयारी करता येते. वालधुनीचे तसे नाही. ती अंबरनाथजवळच्या डोंगरात उगम पावते, इ. स. १०६० च्या शिवमंदिराजवळून वाहत उल्हासनगरातून कल्याणकडे जाते. अंतर थोडे, काठ भराव घालून आवळलेले. ती इशारा देत नाही. तिच्या काठच्या वाचनालयाने जून ते सप्टेंबर पहिली यादी खाली ठेवूच नये. उल्हासनगरात आणखी एक धोका आहे: २०२१ च्या मे महिन्यात तिथे इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे गेली. नुसते वरच्या मजल्यावर नेले म्हणजे झाले असे नाही. तो मजला कोणाच्या भरवशावर उभा आहे हेही पाहावे लागते.

म्हणून दुसरी प्रत हवीच. आज मोबाइलने वहीचे प्रत्येक पान टिपता येते. पण ती चित्रे त्याच मोबाइलमध्ये ठेवली तर वही आणि मोबाइल एकाच पाण्यात जातात. एक संच दुसऱ्या गावी हवा, आणि तोही या खोऱ्याच्या बाहेर: औरंगाबाद, नागपूर, जिथे आपले मित्र आहेत तिथे. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचे. २००५ आणि २०२१ असे दोनदा वाशिष्ठीचे पाणी त्यात शिरले. जुनी, नामांकित संस्थाही नदीपुढे उभी राहत नाही, तर आपली खोली काय राहणार? बदलापुरातच श्याम जोशी यांनी ‘ग्रंथसखा’सारखा मोठा मराठी ग्रंथसंग्रह उभा केला. अशा संग्रहांशी आपल्या वाचनालयांनी नाते जोडावे, अंकांच्या देवाणघेवाणी कराव्यात. आपले कागद आपल्याच वस्तीत राहावेत हा आग्रह मला समजतो. मूळ कागद वस्तीत राहू द्या, प्रत बाहेर पाठवा.

बाकी गोष्टी साध्या आहेत. २००५ च्या पाण्याची खूण भिंतीवर रंगाने करावी आणि पहिली-दुसरी यादी तिच्या वरच ठेवावी. कुठलीच फळी जमिनीला टेकलेली नसावी. वीतभर तरी अंतर असावे. मांडणी भिंतीपासून चार बोटे दूर असावी. किल्ल्या तीन आणि तिन्ही चालत पोहोचता येईल अशा घरांत. त्यातले एक घर अशा बाईचे असावे जी दिवसा वस्तीत असते. यादीची एक प्रत खोलीच्या बाहेर असावी. पावसाळ्यापूर्वी वह्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधाव्यात आणि दिवाळीनंतर सोडून त्यांना हवा द्यावी. बारा महिने बांधून ठेवले तर आतला दमटपणाच कागद खातो. कोरा कागद, हातमोजे, दोरी, पिशव्या, विजेरी एका डब्यात भरून तो डबाही वर ठेवावा. आणि दरवर्षी मृगाआधी एका रविवारी पाणी आले आहे असे समजून पोरांकडून सारे एकदा करून घ्यावे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड वर्ग आणि अनुदान मिळते. पण आपल्या पुष्कळ वाचनालयांचा त्या वर्गवारीत समावेशच नाही. ती मान्यता मागितलीच पाहिजे. ती मिळेपर्यंत थांबायला मात्र नदी तयार नाही.

माईंनी ठेवायला दिलेली ती पाचवी वही आजही आमच्याकडे आहे. तिला आता दाखल नोंदवहीत नंबर आहे. तिची चित्रे चार गावांत आहेत. त्यातली दोन गाणी गेल्या वर्षी शाळेच्या पोरांनी १४ एप्रिलला म्हटली. म्हणणाऱ्या पोरांना मी उरलेल्या चार वह्याही दाखवतो. त्या कोऱ्या आहेत, कडा सुरकुतलेल्या आहेत. काही पानांवर, उजेडाकडे तिरपे धरले तर टाकाच्या दाबाचे ओरखडे दिसतात. एखादा शब्द लागतो, बहुतेक लागत नाहीत. पोरे विचारतात, गुरुजी, या टाकून का देत नाही? मी सांगतो, अक्षर गेले तरी ओरखडा राहिला आहे. तो वाचणारे साधन उद्या आपल्या हाती येईल. तोवर त्यांनाही नंबर दिला आहे आणि त्याही खुणेच्या वर ठेवल्या आहेत.